पाच जागांची पेटी

इंझोरीच्या अंगणवाडीत मदतनीस म्हणून रुख्मिणीला सोळा वर्षं झाली होती. घरोघरून पोरं गोळा करायची, खिचडी रांधायची, वाट्या घासायच्या, झाडून काढून कुलूप लावायचं. घरी आलं की सासूचं पान वाढायचं, भांडी घासायची, कपडे वाळत घालायचे. या सगळ्यातून दुपारी दीड ते साडेतीन एवढा वेळ तिच्या वाट्याला येई. तेव्हा सासू गोजराबाई घोरत असे आणि नवरा देवमन ग्रामपंचायतीच्या टाकीवर पाणी सोडायला गेलेला असे. बाकीच्या बाया त्या वेळात पाठ टेकत. रुख्मिणी पेटी काढून बसे.

पेटी म्हणजे देवमनचा कीबोर्ड. तीन फुटांची काळी फळी, पांढऱ्या-काळ्या पट्ट्या, वर बटणांची गर्दी. देवमन आणि त्याचा धाकटा भाऊ सतीश यांची गायन पार्टी होती. भीमजयंती, बुद्धपौर्णिमा, लग्नं, नामकरणं. सतीश गायचा, देवमन वाजवायचा. देवमन कोणाकडे शिकला नव्हता. त्याला एकाच स्वरावरून वाजवता यायचं, गायकाचा आवाज वर-खाली झाला की एक बटण दाबून तो अख्खी पेटीच वर-खाली सरकवायचा. रुख्मिणी त्याचं बघून बघून शिकली. तिला दोनच बोटं चालवता येत आणि काळ्या पट्ट्यांना ती सहसा हात लावत नसे.

बटणांवरचं इंग्रजी तिला वाचता येत नव्हतं, म्हणून आवाज आकड्यांनी लक्षात ठेवले होते. चौऱ्याहत्तर म्हणजे बासरी. एकशेपाच सतार. एकोणपन्नास म्हणजे पुष्कळ व्हायोलिनं एकदम. गंमत अशी की आवाज बदलला की तीच बोटं वेगळीकडे जात. सतारीवर जे साधं वाटे ते बासरीवर रडकं होई, मग तिला दुसरा सूर शोधावा लागे, आणि शोधता शोधता जे सापडे ते तिच्या मनात आधी मुळीच नसे. डाव्या हाताला एक चाक होतं. पट्टी दाबून ते मागं ओढलं की सूर घसरत खाली यायचा. पहिल्यांदा हे सापडलं तेव्हा ती थबकली होती. शेजारची कस्तुराबाई संध्याकाळी शेळीला हाक मारते ती नेमकी अशीच, शेवटाला घसरत. त्या हाकेवरून तिनं एक चाल बांधली. कस्तुराबाईला ते माहीत नव्हतं. शेळीलाही नाही.

कोणालाच माहीत नव्हतं, कारण रुख्मिणी कानात मोबाइलच्या वायरी घालून वाजवायची. बाहेर ऐकू यायची ती फक्त प्लॅस्टिकच्या पट्ट्यांची टकटक.

"मुकी पेटी काय वाजवतं वं?" गोजराबाई कूस बदलत म्हणे. "त्यापेक्षा तांदूळ निवडले असते तर पोटात तरी गेले असते."

"तांदूळ निवडले, आत्याबाई."

"मंग डाळ निवड."

त्या पेटीत गाणी साठवायला पाच जागा होत्या. सहावं ठेवायचं तर एक पुसावं लागे. देवमनला त्या जागांचं काही काम पडत नसे, तो समोर बसून वाजवणारा माणूस. पाचही जागा रुख्मिणीच्या होत्या आणि कुठली पुसायची यावर तिनं कधी कधी आठ आठ दिवस काढले होते. सध्या पहिल्या जागेत शेळीची हाक होती. दुसरीत अंगणवाडीच्या पोरांना हात धुवायला लावायचं गाणं. तिसरी चाल लेक सपना लग्न होऊन मंगरूळपीरला गेली त्या आठवड्यातली, तिला शब्दच नव्हते. पाचवी अर्धवट होती, दोन वर्षांपासून. चौथी मात्र गावाला ठाऊक होती. रुख्मिणी ती एकदा पोळ्या लाटताना गुणगुणत होती, देवमननं ती उचलली, सतीशनं तिच्यात बाबासाहेबांवरचे शब्द बसवले आणि आता जयंतीला लोक ते गाणं दोनदा म्हणायला लावत. माईकवरून सांगितलं जाई, संगीत देवमन. रुख्मिणी बायांमध्ये बसून टाळ्या वाजवी. तिला वाईट वाटे की नाही हे तिला नीट सांगता आलं नसतं. उद्या सकाळी पोरं गोळा करायची आहेत, हे मात्र तेव्हाही डोक्यात असे.

मार्चमध्ये देवमननं जाहीर केलं की पेटीच्या चार पट्ट्या मुक्या झाल्या आहेत, जयंतीच्या आत ही देऊन अकोल्याहून नवीन आणायची. दुकानदार जुनी बदल्यात घ्यायला तयार होता.

रुख्मिणी भाकरी थापता थापता थांबली. "कवा?"

"दोन आठवड्यानं. रविवारी. तुले काही पायजे काय अकोल्याहून?"

"नाही."

तिला त्या पाच चाली पाहिजे होत्या. पेटीतून त्या मोबाइलमध्ये कशा घ्यायच्या हे तिला समजत नव्हतं, पण सतीशला समजत असणार. दुसऱ्या दिवशी तिनं त्याला नळावर गाठलं.

"भाऊजी, पेटीतलं गाणं मोबाइलमंदी येते काय?"

"येते ना, वयनी. पेटी मोठ्यानं लावायची, मोबाइल जवळ ठेवायचा. काहून? तुमी काय कॅसेट काढून राह्यल्या?"

"हो. माह्या कॅसेटीले तुमीच गिऱ्हाईक."

सतीश हसला, बुधवारी येतो म्हणाला. बुधवारी मानोऱ्याला अंगणवाडीची मीटिंग निघाली, रुख्मिणी संध्याकाळी सहाला परतली. शुक्रवारी सतीश आला तर वीज नव्हती. सोमवारी गोजराबाईच्या डोळ्यात खडा गेल्यासारखं टोचायला लागलं आणि रुख्मिणी तिला घेऊन दवाखान्यात बसली. मधल्या दिवसांत देवमनला सांगायचं तिनं दोनदा ठरवलं. एकदा तो जेवत होता, तिनं "त्या पेटीत ना" इथपर्यंत म्हटलं, त्यानं ताट पुढं करून मीठ मागितलं, आणि मीठ देता देता तिला एकदम इतका कंटाळा आला की पुढचं वाक्य तिनं बोललंच नाही. अजून रविवार लांब होता.

शनिवारी दुपारी अंगणवाडीतून ती धावत आली. सतीशला तिनं अडीचची वेळ दिली होती. बघते तर देवमन घरीच. ओसरीवर पेटी मांडून, जुन्या दात घासायच्या ब्रशनं पट्ट्यांच्या फटींतला मळ काढत बसलेला. पेटी नवीन असल्यासारखी चकाकत होती.

"टाकीवर नाही गेले?"

"मोटर जळाली. म्हटलं, देतोच आहे तर चांगली करून देऊ." तो खूश होता. "आतूनबी साफ केली."

"आतून म्हंजे?"

"अवं, गेल्या साली तो मोबाइल विकला नाही काय मी बाबूसिंगले? तसाच देल्ला, अन् मंग त्यानं पोहरादेवीच्या जत्रेत समद्याइले आपल्या मायचे फोटो दाखोले. तवापासून कानाले खडा लावला. कोणतीबी चीज विकाच्या आधी फॉर्मेट मारायची. त्या दुकानदाराले फोन करून इचारलं. शेवटची पांढरी पट्टी दाबून चालू करायची, बस. एका मिनिटात कोरी."

रुख्मिणी उंबऱ्यावर बसली. पायातली चप्पल काढायची राहिली होती.

"पाण्याचा गिलास आणू काय?" देवमननं विचारलं. "ऊन लागलं वाटते."

"त्यात चाली होत्या."

"कोणाच्या?"

"माह्या. पाच."

देवमनच्या हातात ब्रश तसाच राहिला. तो वाईट माणूस नव्हता. पेटीला धूळ लागू नये म्हणून स्वतःचं धोतर फाडून झाकण शिवायला देणारा माणूस होता. बायको दुपारी पेटीशी बसते हे त्याला माहीत होतं, जसं कोणी दुपारी तंबाखू मळत बसतं तसं.

"मले सांगायचं होतं ना," तो म्हणाला.

तेवढ्यात सतीश मोबाइल हातात घेऊन आला, दोघांची तोंडं बघून भिंतीला टेकून उभा राहिला. देवमननं त्याला झालेलं सांगितलं. सतीशनं पेटी चालू केली, बटणं दाबली, पाचही जागा एकेक करून बघितल्या. प्रत्येक जागेवर तीच आडवी रेघ.

"गेलं, वयनी."

"एक तर हाय," देवमन घाईनं म्हणाला. "जयंतीची. ते माह्या बोटात हाय." त्यानं वाजवून दाखवली, सरळ, ठसठशीत, लोकांच्या टाळ्या सांभाळून.

"हे तुमचं हाय," रुख्मिणी म्हणाली. "माहं असं नोहतं."

"मंग कसं होतं?"

आतून गोजराबाईनं विचारलं कोण आलं म्हणून. रुख्मिणी उठली, चप्पल काढली आणि पेटीपुढं बसली. दोघा पुरुषांसमोर बोटं ठेवायला तिला लाज वाटत होती. तिनं चौऱ्याहत्तर लावलं. चौथी नाही, शेळीची हाक. पहिली ओळ आली. दुसरीही आली, एका जागी मुकी पट्टी होती तिथं ती वळसा घालून गेली. तिसऱ्या ओळीपाशी हात थांबले. तिनं परत सुरुवातीपासून घेतलं. परत तिथंच. ती ओळ तिनं डोक्यात ठेवलीच नव्हती, पेटीत आहे म्हणून निर्धास्त होती.

"कस्तुराबाई बकरीले बलावते, तसंच वाटते," सतीश हळू म्हणाला.

रुख्मिणीनं त्याच्याकडे बघितलं. एवढ्या वर्षांत हे ओळखणारा तो पहिला माणूस.

"बाकीच्या?" देवमननं विचारलं.

"हात धुवायचं येते. सपनाची नाही येत." तिनं पट्ट्यांवरून बोटं मागं घेतली. "उद्या ही पेटी नेऊ नका."

"अवं, हे देल्याशिवाय नवीन कशी येईल? अन् आता हिच्यात हाय काय? कोरी हाय."

"असू द्या."

"जयंती आली तोंडावर. चार पट्ट्या मुक्या."

"त्या कोणत्या चार, मले माहीत हाय. तुमाले सांगतो, चुकवून वाजवा."

देवमन भावाकडे बघू लागला. सतीशनं मोबाइलमध्ये डोकं घातलं. आतून गोजराबाई पुन्हा म्हणाली, चहाची वेळ झाली, घरात कोणी जिवंत आहे काय.

रुख्मिणीनं दोनच ओळी पहिल्या जागेत भरल्या. तिसरीसाठी पट्ट्यांवर बोटं धरून ती अजून थोडी बसली, पण डोक्यात आता चहाच होता. मग ती उठली, पदरानं मान पुसली आणि आत गेली. जाताना म्हणाली, "बंद करू नका. मी येतो परत." दूध किती उरलं आहे ते बघायला तिनं पातेल्यावरचं झाकण उचललं. ओसरीवर देवमननं अकोल्याच्या दुकानदाराचा नंबर काढला, आणि उद्या येणं जमत नाही हे त्याला कोणत्या कारणानं सांगावं, याचा विचार करत बसला.