योकोहामाला गेलेले पणजोबा

आमच्या घरात जपान हे देशाचं नाव कमी आणि टोमणा जास्त होता. घरातला एखादा पुरुष संध्याकाळी उशिरा आला की आत्या दारातच विचारायची, "आलात का? मला वाटलं, जपानलाच गेलात!" त्यामुळे माझ्या नवऱ्याच्या आयटी कंपनीनं त्याला टोकियोच्या प्रोजेक्टवर पाठवायचं ठरवलं, तेव्हा पेढे वाटावेत की गप्प बसावं, हेच मला कळेना. शेवटी धीर करून आत्याला सांगितलं. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ जावयालाच विचारलं, "बायकोला बरोबर नेताय ना?"

"नेतोय, आत्या."

"आणि पोरीला?"

"तिलाही."

"मग जा," असं म्हणून ती कुकर लावायला आत गेली.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. यजमान गेल्यावर ती माहेरी आली आणि आमच्याकडेच राहिली. मला तिनंच वाढवलं म्हटलं तरी चालेल. तिचं जपानशी वैर होतं ते तिच्या आजोबांमुळे, म्हणजे माझ्या पणजोबांमुळे. इंग्रजांच्या काळात ते मुंबईच्या एका कापूस व्यापाऱ्याकडे कारकून होते. त्यानं त्यांना योकोहामाच्या पेढीवर पाठवलं. मागे विशीतली बायको आणि तान्हा मुलगा. थोडे दिवस पत्रं आली, मग थांबली. पैसे मात्र येत राहिले. पणजोबांचा धाकटा भाऊ मुंबईत नोकरीला होता. तो सुट्टीत पुण्याला यायचा आणि "दादानं पाठवलेत" म्हणून वहिनीच्या हातात ठेवायचा. आणि पेठेत चार लोकांना सांगायचाही तोच, की दादानं तिकडे बाई ठेवलीय, तो काही परत येत नाही.

बारा वर्षं माणसाचा पत्ता नसला, तर दर्भाचा पुतळा जाळून सुतक पाळायची रीत होती. पण ज्याचे पैसे येतात त्याचा पुतळा कसा जाळणार? पुढे मुलगा नोकरीला लागला आणि पैसे थांबले. तरी दोन-तीन वर्षांनी धाकट्या भावाला मुंबईत कोणी ना कोणी भेटायचं, "दादा खुशाल आहे" असं सांगणारं. पणजी जन्मभर नवऱ्याच्या नावानं कुंकू लावून राहिली आणि लावलेल्या कुंकवानंच गेली. आत्यानं ते डोळ्यांनी पाहिलेलं. हिरवं लुगडं, हिरव्या बांगड्या, मळवट भरलेला. सगळी आळी पाया पडायला आली होती. नवरा असताना गेलेल्या बाईचं श्राद्ध पितृपक्षात अविधवा नवमीला करतात. एका सवाष्णीला जेवायला बोलवायचं, तिची ओटी भरायची. आमच्याकडे ती नवमी कधी चुकली नाही.

विमानतळावर निघताना आत्यानं माझा हात धरला. एरवी तिची जीभ कात्रीसारखी चालते, पण तेव्हा हळू आवाजात म्हणाली, "तिकडे कुठे सापडलं तर बघ. माझ्या आजोबानं खरंच दुसरा संसार केला का, एवढंच मला मरायच्या आधी कळू दे. माझी आजी कोणासाठी झुरली, ते तरी कळेल."

आम्ही टोकियोत निशी-कसाईला भाड्यानं घर घेतलं. नवरा सकाळी तोयोसुच्या ऑफिसात जायचा तो दिवेलागण उलटल्यावर यायचा. त्याच्या नावाला मानाचं ‘सान’ लागलं होतं आणि माझ्या नावाला कोणी हाकच मारत नव्हतं. जळणारा कचरा कुठल्या दिवशी, बाटल्या कुठल्या दिवशी, हे शिकण्यात पहिले दोन महिने गेले. लेक बालवाडीत जाऊन मराठीत विचारलेल्या प्रश्नांना जपानीत उत्तरं द्यायला लागली. मला इतका संताप यायचा! पण ऐकायला कोण होतं? मग मी वॉर्डाच्या केंद्रात फुकटचा जपानी वर्ग लावला. तिथल्या बाईंना एकदा तुटक्या जपानीत पणजोबांची गोष्ट सांगितली. त्यांनी ती लक्ष देऊन ऐकली आणि पुढच्या वर्गाला एक कागद घेऊन आल्या. योकोहामात जुन्या कागदपत्रांचं एक संग्रहालय होतं, तिथला पत्ता. इंग्रजी वकिलातीच्या फायलींच्या फिल्मच्या रिळा तिथे बघायला मिळायच्या. परदेशात इंग्रजांचा प्रजाजन वारला, की त्याचं सामानसुमान, पैसाअडका कोणाला द्यायचा हे वकिलात ठरवायची. आणि तेव्हा पुण्याचा कारकूनही इंग्रजांचाच प्रजाजन.

मग दर मंगळवारी लेकीला सोडलं की मी योकोहामाची गाडी धरायची. आत पेन चालत नसे, फक्त पेन्सिल. यंत्रावर रीळ चढवायची, चाक फिरवायचं आणि डोळे फुटेस्तोवर वाचायचं. खलाशी, पाद्री, घोड्यांचे व्यापारी. कोणाचा पियानो, कोणाची बोट. मी शोधत होते मुलगा नोकरीला लागल्यानंतरची वर्षं. पैसे बंद झाले म्हणजे तेव्हा पणजोबा वारले असणार, हा माझा हिशोब. आमच्या घरातल्या कोणीही हाच हिशोब केला असता. सहा-सात मंगळवार गेले आणि हाती धुपाटणं. नवरा म्हणाला, "अगं, दुसरा संसार केला असेल तर नावही बदललं असेल." मी त्याला म्हटलं, तू तुझं कोडिंग कर.

त्या मंगळवारी मला हवी ती रीळ एका जपानी आजोबांनी आधीच घेतली होती. ते काही उठायची चिन्हं दिसेनात. एवढं भाडं खर्चून आले होते, रिकामी कशाला परत जाऊ? म्हणून नुसतं बसण्यापेक्षा कितीतरी आधीच्या वर्षांची एक रीळ चढवली आणि चाक फिरवत बसले. आणि आलं की नाव समोर! माझ्या वडिलांच्या आजोबांचं नाव, पुढे त्यांच्या वडिलांचं, पुढे आमचं आडनाव. इंग्रजीत, वळणदार अक्षरात. "अगं बाई!" मी इतक्या मोठ्यांदा ओरडले, की शेजारचे ते जपानी आजोबा दचकले. मी दहा वेळा वाकून माफी मागितली.

पणजोबा योकोहामाला पोचल्यावर दोन वर्षांच्या आतच विषमज्वरानं गेले होते. इस्पितळात. पेढीवरच्या एका माणसाची साक्ष होती, की मयत एकटा राहत असे, खोलीत दुसरं कोणी नसे, आणि शेवटपर्यंत हा साक्षीदार त्याच्याजवळ होता. मग सामानाची यादी. ट्रंक, छत्री, दोन कोट, तांब्याची पळी-पंचपात्री, आणि न शिवलेल्या रेशमी कापडाचा एक तुकडा. मी यंत्राच्या पडद्याला हात लावून बसले. दुसरा संसार कसला, त्या माणसाच्या खोलीत दुसरी वाटीसुद्धा नव्हती.

फायलीचं शेवटचं पान मुंबईचं होतं. सगळं सामान आणि शिल्लक मिळाल्याची पोच. खाली मोडीत सही. मला मोडी वाचता येत नाही, पण शेजारी इंग्रज कारकुनानं स्वच्छ लिहून ठेवलं होतं, ‘मयताचा धाकटा भाऊ’.

माझं डोकंच फिरलं. म्हणजे ह्याला सगळं ठाऊक होतं! भाऊ मेला, त्याची मालमत्ता ह्यानं घेतली, आणि वर त्याच्याच नावानं बाई ठेवल्याची बोंब मारली! गाडीत मी मनातल्या मनात त्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्यातल्या निम्म्या माझ्याच होत्या, पण ते नंतर लक्षात आलं.

स्टेशनजवळच्या इंडियन दुकानातून फोनचं कार्ड घेतलं आणि घरी येऊन पहिला फोन आत्याला.

"आत्या, त्यांनी बाई नव्हती ठेवली गं. तिकडे गेल्यावर दोन वर्षांतच गेले ते. तापानं."

पलीकडे तिनं खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "एकटाच होता?"

"पेढीवरचा एक माणूस होता जवळ."

"बरं झालं," ती म्हणाली आणि रडायला लागली. मी तिला रडू दिलं. कार्डावरची मिनिटं गेली तर गेली.

मग मी धाकट्या भावाचं सांगितलं. सही, पोच, सगळं. आणि न राहवून म्हणाले, "चोर मेला! वहिनीला फसवलं आयुष्यभर."

"जिभेला काही हाड?" आत्या एकदम कडाडली. "त्यानं खाल्ले असते, तर माझ्या आजीच्या हातात पैसे कुठून पडले असते? पुरवून पुरवून दिले त्यानं. संपले असतील तेव्हा पदरचे घातले असतील. आणि ते रेशमाचं कापड म्हणालीस ना, त्याची चोळी होती तिची. दिरानं आणून दिली होती, दादानं पाठवलीय म्हणून."

"मग सरळ सांगायचं ना, दादा गेला म्हणून!"

"तुला काय गं, सरळ सांगायला. तुम्हा पोरींना काय माहीत." मग तिनं मला त्या दोन भावांच्या बहिणीचं सांगितलं. मी तिच्याबद्दल कधी ऐकलंच नव्हतं. सोळाव्या वर्षी ती विधवा होऊन माहेरी आली, आणि वडिलांनी न्हाव्याला बोलावून तिचं डोकं करवलं. धाकटा भाऊ तेव्हा लहान होता. बहीण ओरडत होती आणि त्याला माजघरात कोंडून ठेवलं होतं. आत्याच्या लहानपणी ती म्हातारी जिवंत होती, लाल आलवणात, डोक्यावरून पदर ओढून कोपऱ्यात बसलेली. "त्याची वहिनी विशीची, आणि वडील तर तेच घरात. तार आली असती तर दहाव्या दिवशी न्हावी दारात असता. दादा का येत नाही, ह्याला तो काय उत्तर देणार होता? ठेवली बाई! मेलेल्या भावाला बदनाम केलं आणि जिवंत वहिनीचे केस वाचवले. आणि मी मेली त्याला कधी चांगलं म्हटलं नाही."

"पणजीला ठाऊक असेल का गं?"

"कोण जाणे. असलं तरी बोलायची नाही ती. शहाणी बाई होती."

फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं, मी काय करून बसले. पणजी अहेव गेली, याचा आत्याला केवढा अभिमान! आत्याचं स्वतःचं कपाळ तर कधीच कोरं झालं होतं. तीच नवमी मी तिच्याकडून काढून घेतली होती. पणजी तर विशीपासून विधवाच होती. आता नवमी कसली आणि सवाष्ण कसली? पितृपक्ष तोंडावर आलेला. नवरा म्हणाला, तिलाच विचार. मला धीर होईना. दोन-तीनदा नंबर फिरवून फोन मधेच ठेवून दिला.

शेवटी आत्याचाच फोन आला. तिनं आयुष्यात कधी परदेशी फोन लावला नव्हता. माझ्या भावाला लावायला सांगितला असणार.

"हे बघ," काही नमन न करता ती म्हणाली, "आजोबांची तिथी आता कळलीय, तर त्या दिवशी त्यांचं रीतसर होईल. तुझ्या भावाला सांगितलंय. नवमी मात्र बदलायची नाही. आणि यंदा ओटी मी भरणार."

इतकी वर्षं नवमीचा सगळा स्वयंपाक आत्याच करायची. पुरण तिचं, खीर तिची. पण सवाष्ण दारात आली की ती मागच्या खोलीत जाऊन दार लोटून घ्यायची. ओटी आई भरायची, आई गेल्यावर वहिनी.

"माझ्या आजीनं निम्म्या आळीच्या सुनांच्या ओट्या भरल्या," आत्या म्हणाली. "मोठी भाग्याची बाई म्हणून लोक मुद्दाम न्यायचे तिला. माझ्या आईची ओटीही तिनंच भरली होती. आई-बाबा दोघंही नातवंडं खेळवून गेले."

तिची स्वतःची ओटीही आजीनंच भरली असणार, हे माझ्या मनात आलं. मी विचारण्याआधी तीच म्हणाली, "माझीही तिनंच भरली होती. ह्यांना छातीचं दुखणं होतं. ओटीतल्या तांदळांनी काय केलं होतं त्याला? मी आपली उगाचच दार लोटून बसत राहिले."

नवमीच्या दिवशी मी इकडे जवळच उरायासुला राहणाऱ्या एका मराठी मैत्रिणीला जेवायला बोलावलं. तिची ओटी भरून झाल्यावर पुण्याला फोन लावला. शेजारच्यांची नवी सून आली होती म्हणे सवाष्ण म्हणून.

"भरलीस?"

"भरली. अगं, करंड्याला कधी बोट लावलं होतं, तेच आठवेना. थोडं कुंकू तिच्या नाकावर सांडलं."

"ती काय म्हणाली?"

"ती काय म्हणणार, हसली. आणि मग तिनं करंडा माझ्या हातातून घेतला आणि रीतीप्रमाणे मलाच उलट कुंकू लावलं. तिला बिचारीला ठाऊकच नव्हतं."

"मग? पुसलंस?"

"का म्हणून पुसू?" आत्या म्हणाली.