पेलाभर पाणी आणि मागची सीट

आमच्या क्लासचे किस्से मी सांगायला लागले की घरी चहा गार होतो आणि नवरा म्हणतो, "आवरा आता." पण मी तरी काय करू? दर रविवारी तिथे काहीतरी घडतंच. फ्रीजमध्ये उरलेल्या भाज्यांच्या वाट्या साठतात ना, तसं होतं. एक काढायला जावं तर मागच्या चार बाहेर येतात.

आधी क्लास कसला ते सांगते. मोटारसायकल चालवण्याचा. ज्याला चालवता येत नाही त्याच्यासाठी नाही हं, ज्याला येते असं वाटतं त्याच्यासाठी! म्हणजे अख्ख्या पुण्यासाठी.

चालवतात आमचे परचुरे सर. एका वाहन कंपनीच्या टेस्टिंग खात्यातून रिटायर झालेत. उंच, सडसडीत, आणि जिभेला हाड नाही. मी कोथरूडच्या एका शाळेत भूगोल शिकवते. सरांकडे शिकायला म्हणून आले, तीनदा नापास झाले आणि मग तिथेच राहिले. आता रविवारी सकाळी साडेसहाला नारिंगी कोन मांडते.

जागा म्हणजे कोथरूडमधल्या एका मंगल कार्यालयाचं पार्किंग. मालक सरांचा जुना विद्यार्थी, त्यामुळे लग्न नसेल त्या रविवारी जागा आपली. लोक पंचांग बघतात ते मुहूर्त कधी आहे म्हणून. आम्ही बघतो कधी नाही म्हणून!

आणखी एक गोष्ट सांगून ठेवते. सर येतात ते जुन्या मोटारसायकलवर, एकटेच, पण हेल्मेटं दोन. काळं डोक्यावर, लाल हँडलला अडकवलेलं. लाल आहे काकूंचं, म्हणजे सरांच्या बायकोचं. ते काकूंनी एकदाही घातलेलं नाही. दर रविवारी निघताना सर विचारतात, "येतेस का?" आणि काकू म्हणतात, "नाही." लाल हेल्मेट तसंच येतं, तसंच जातं. वर्षानुवर्षं. का, ते पुढे सांगते.

*

नवीन बॅच आली की पहिल्या दहा मिनिटांत कुणीतरी म्हणतंच, "सर, मी पंचवीस वर्षं चालवतोय." एकदा एक बँकेतले साहेब असंच म्हणाले. हेल्मेट कोपरात घातलेलं, म्हणजे पडलेच तर कोपर वाचेल.

सरांनी त्यांना फक्त पंधरा पावलांचं अंतर दिलं. म्हणाले, पाय न टेकवता जितकं हळू जाता येईल तितकं हळू जा. साहेबांनी पाच वेळा पाय टेकवला. सहाव्यांदा गाडीच टेकवली.

उठून, कपडे झटकून ते परत म्हणाले, "नाही पण, पंचवीस वर्षांचा अनुभव आहे हो."

सर शांतपणे म्हणाले, "एकच चूक पंचवीस वर्षं केली की तिला अनुभव म्हणत नाहीत. सवय म्हणतात."

साहेब दुसऱ्या रविवारी आले. हेल्मेट डोक्यावर होतं.

*

माझं दुखणं पुढचा ब्रेक. लहानपणी बाबांनी सांगून ठेवलं होतं, पुढचा दाबू नकोस, तोंडावर आपटशील. झालं, वीस वर्षं मी उजव्या हाताचा ब्रेक कधी दाबलाच नाही. सरांनी कारण विचारलं, मी सांगितलं. ते म्हणाले, "मग कंपनीने तो शोभेला दिलाय का?"

तो दाबायला शिकले खरी, पण शेवटच्या परीक्षेत गाडं अडलं. आमची परीक्षा म्हणजे पेला! स्टीलचा साधा पेला, सरांच्या घरचा. त्यात आतून खिळ्याने ओढलेली एक रेघ आहे. पेला काठोकाठ भरायचा, तो हातात धरून सर मागे बसणार, आणि आपण कोनांमधून नागमोडी जायचं, आठचा आकडा काढायचा, मग जरा वेग घेऊन ब्रेक लावून जमिनीवर आखलेल्या रेघेवर थांबायचं. परत आल्यावर पाणी आतल्या रेघेच्या वर असेल तर पास. सरांचं म्हणणं, गाडी कशी चालवता ते चालवणाऱ्याला विचारू नये, मागे बसलेल्याला विचारावं.

पहिल्या वेळी मी असा काही ब्रेक लावला की अर्धा पेला सरांच्या शर्टावर आणि उरलेला माझ्या मानेवर. सरांनी चष्मा पुसला आणि नापास झालेल्या प्रत्येकाला म्हणतात तेच म्हणाले, "थोडं सांडलंय. पुढच्या रविवारी परत या."

थोडं म्हणे! मी घरी गेले ती ओल्या केसांनी.

*

मग आला वैभव. अमरावतीचा मुलगा, हिंजवडीत आयटीत. अमरावतीहून पुण्याला एका दमात मोटारसायकलवर आलो, हे त्याने पहिल्याच दिवशी तिघांना वेगवेगळं सांगितलं.

आता आमच्या त्या भल्यामोठ्या पार्किंगमध्ये झाड एकच आहे. कडुनिंबाचं, कोपऱ्यात. वैभवला सांगितलं होतं, मोठं वळण घे आणि परत ये. पठ्ठ्या वळणात शिरला आणि सरळ जाऊन कडुनिंबाला भिडला! वेग बेताचा होता म्हणून बरं. त्याचा इंडिकेटर तुटला आणि झाडाची थोडी साल निघाली.

आम्ही धावलो. वैभव बसल्या जागेवरून म्हणाला, "सर, मी त्या झाडालेच त वाचवून राहिलो होतो ना."

"म्हणजे बघत कुठे होतात?"

"झाडाकडे."

"झालं तर मग," सर म्हणाले. "जिथे नजर, तिथे चाक. जायचं तिकडे बघा, पडायचं तिकडे नका बघू."

हे वाक्य सर सगळ्यांना ऐकवतात, पण ते म्हणताना आवाज उगाच खाली जातो त्यांचा. मला त्याचं कारण नंतर कळलं.

पुढच्या रविवारी पाहतो तर कार्यालयाच्या मालकाने कडुनिंबावर पाटी लावलेली. "हे झाड हलणार नाही. आपण हलावे."

*

एकदा मालकांचाच घोळ झाला. पंचांगात मुहूर्त नव्हता, पण मुलगा परदेशी परत जायचा म्हणून घाईत लग्न ठरलं, आणि आम्हाला कळवायचं राहिलं. इकडे मी पन्नास कोन मांडलेले, नागमोडी, आठचे, सगळे. आणि साडेसातला गेटमधून वऱ्हाडाच्या गाड्या आत!

मी कोन उचलायला धावले तर सरांनी हात धरला. "थांबा. बघू काय करतात."

अहो, पहिली गाडी गेली ती कोनांमधून नागमोडी गेली! मागची तिच्या मागे. मग स्कूटरवरून एक काका, मागे नऊवारीतली त्यांची बायको, मांडीवर आहेराचं ताट. सगळे शिस्तीत आठचा आकडा काढून कडुनिंबाखाली गाड्या लावत होते. कुणी विचारलं नाही, हे काय आहे.

वराचे वडील उतरले, मागे वळून सगळं पाहिलं आणि आपल्या भावाला म्हणाले, "काही म्हण, मुलीकडच्यांची व्यवस्था चोख आहे."

आम्ही उपमा खाऊन निघालो. सरांनी त्या स्कूटरवाल्या काकांना मात्र जाऊन विचारलं, ताटातलं काही पडलं का? काही पडलं नव्हतं. सर मला म्हणाले, "लिहून ठेवा. हे पास."

*

पहिल्या फटक्यात पास झालेला आमचा खरा विद्यार्थी एकच, मंडईतले कांदेवाले आप्पा. लेकीने जबरदस्तीने पाठवलं होतं. गडी साठीचा, पण हळू चालवायच्या पट्टीत गाडी लटपटायला लागली. सर काही बोलायच्या आत आप्पा म्हणाले, "सर, रिकामी गाडी मला समजत नाय."

गेले, आणि कुठूनशी कांद्याची गोणी आणून मागे बांधली. पुन्हा आले ते असे, की मुंगीने बाजूने पुढे जावं! पाय एकदाही खाली नाही. मग गोणीच्या जागी पेला घेऊन सर बसले. फेरी झाली, पेला पाहिला तर थेंबही कमी नाही.

सर थक्क. आप्पा म्हणाले, "टोमॅटो नेतो मी रोज, पाण्याचं काय घेऊन बसलात. मागं जपायचं काही असलं की गाडी आपोआप शहाणी चालते बघा."

यावर सरांकडे काहीतरी तिरकस उत्तर असणार म्हणून आम्ही कान टवकारले. पण सर आपल्या गाडीच्या हँडलवरचं लाल हेल्मेट उगाच सरळ करत बसले. मला फार वाईट वाटलं.

*

आता काकूंचं.

ही हकिगत मला काकूंनीच सांगितली, त्यांच्या घरी पोहे खाताना, आणि सर समोर पेपरात तोंड घालून बसलेले असताना. बारा वर्षांपूर्वी दोघं साताऱ्याहून काकूंच्या बहिणीकडून मोटारसायकलवर परत येत होते. जुना कात्रज घाट. संध्याकाळ. खाली शहराचे दिवे लागायला लागले होते. सर म्हणाले, "ते बघ, आपलं पुणं काय सुंदर दिसतंय." आणि काकूंना दाखवताना स्वतःही बघत राहिले.

गाडी तिकडेच गेली. कठडा होता म्हणून निभावलं, पण काकू खडीत पडल्या आणि मनगटाची दोन हाडं मोडली. सरांना खरचटलंसुद्धा नाही.

"पुणं दाखवतो म्हणाले आणि हॉस्पिटल दाखवलं," काकू म्हणाल्या. "त्यानंतर हे कुठेकुठे जाऊन शिकून आले, आता साऱ्या गावाला शिकवतात. बरं आहे. पण मी नाही बसायची."

तेव्हापासून काकू रिक्षाने. मंडईत रिक्षाने, लग्नाला रिक्षाने. सर मोटारसायकलवर पुढे जाऊन दारात उभे राहतात, काकू मागून उतरतात. लाल हेल्मेट सरांनी त्या अपघातानंतर महिन्याभरात आणलं होतं.

*

आणि आता गेल्या महिन्यातलं.

त्या रविवारी वैभवची चौथी परीक्षा, आणि सर पेला घरी विसरले! असं कधी झालं नव्हतं. दुसरा पेला चालणार नाही, रेघ त्यातच. शेवटी घरी फोन केला. वीस मिनिटांनी गेटाशी रिक्षा थांबली आणि पिशवीत पेला घेऊन काकू उतरल्या. ग्राउंडवर पहिल्यांदाच.

"हा घ्या," म्हणाल्या. "दर रविवारी भांड्यांत एक पेला कमी भरतो, तो हाच होय!"

मी खुर्ची दिली. काकूंनी वैभवची परीक्षा पाहिली. वैभव नापास झाला, सर भिजले, "पुढच्या रविवारी परत या" झालं. वैभव हिरमुसून काकूंजवळ येऊन बसला आणि सहज म्हणाला, "काकू, सर साऱ्याइची टेस्ट घेतात. सरांची कोणी काहून घेत नाही?"

 मी वैभवला डोळ्यांनी दटावत होते.

काकूंनी सरांच्या हातातला पेला घेतला. नळाशी गेल्या, काठोकाठ भरून आणला आणि तो मला धरायला दिला. मग हँडलवरचं लाल हेल्मेट काढलं. आत दुकानातला कागद अजून तसाच होता. तो काढून त्यांनी घडी करून पिशवीत ठेवला.

"चला," सरांना म्हणाल्या.

आम्हाला सतरा वेळा ओरडणाऱ्या आमच्या सरांनी गाडी सुरू केली आणि साइड स्टँड काढायलाच विसरले! आम्ही सगळे एकदम ओरडलो, "सर, स्टँड!" त्यांनी मान खाली घातली आणि स्टँड काढला.

निघाले. काकूंच्या उजव्या हातात पेला, डावा हात मागच्या दांडीला घट्ट. मी कोनांकडे पाहतच नव्हते, त्या डाव्या हाताकडे पाहत होते. नागमोडी झालं. आठच्या पहिल्या वळणात हात दांडीलाच होता. दुसऱ्या वळणात तो सरांच्या खांद्यावर आला. सर पुढेच बघत होते. वेग घेतला, ब्रेक लावला, आणि गाडी रेघेवर अशी थांबली की थांबल्याचं कळलं नाही.

काकू उतरल्या. मी पेल्यात डोकावले. खोटं सांगत नाही, जसा दिला होता तसाच होता, काठोकाठ. वैभवनेही पाहिलं.

सर हेल्मेट न काढता उभे. आमच्यासारखेच, निकालाची वाट बघत.

काकूंनी हेल्मेटची काच वर केली, पेला तोंडाला लावला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं. रिकामा पेला सरांच्या हातात दिला.

"थोडं सांडलंय," म्हणाल्या. "पुढच्या रविवारी परत या."

सरांनी पेला उलटा करून पाहिला. मग म्हणाले, "पुढच्या रविवारी इथे लग्न आहे."

काकू हेल्मेटचा पट्टा सोडत होत्या. "मग कात्रजच्या घाटात घेऊ."