आवळायचे राहिलेले नट

ट्रकच्या मागच्या जोडचाकांत घालायची चकती करून द्या म्हणत कोणी दुकानाची पायरी चढला की मी त्याला तिथूनच परत पाठवायचो, तेही गोड बोलून नाही. जळगावच्या ट्रकवाल्यांत मी खडूस टर्नर म्हणून प्रसिद्ध होतो. पण त्याआधी पाच-सहा वर्षं ह्याच चकत्या मी हौसेनं केल्या होत्या, आणि माझ्याइतक्या सुबक चकत्या गावात कोणी करत नव्हतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. ट्रकवाले तेव्हा एक नंबर मोठे टायर टाकायचे, माल जास्त बसावा म्हणून. मागच्या बाजूला दोन चाकं शेजारी शेजारी असतात. गाडी भरली की मोठे टायर फुगून एकमेकांना घासायचे, तापायचे, फुटायचे. म्हणून दोन चाकांच्या मध्ये लोखंडाची बोटभर जाड गोल चकती घालायची, म्हणजे बाहेरचं चाक तेवढं लांब सरकतं आणि घासणं थांबतं. कोणी तिला स्पेसर म्हणायचं, आम्ही चकतीच म्हणायचो.

माझ्या दुकानाच्या बाजूला हब-बेरिंगचं काम करणारे एक म्हातारे मिस्त्री बसायचे. माझी चकती हातात घेऊन त्यांनी एकदा उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, "काम सुरेख आहे. पण भरलेली बादली अंगाशी धरून चाल आणि मग हात लांब करून चाल. चाक बाहेर सरकलं की बेरिंगचं तसंच होतं. शिवाय मधली जाडी तू वाढवलीस, बोल्ट होते तेवढेच राहिले. नटाच्या तोंडी बोल्टचे चारच आटे येतात. त्यानं धरायचं कशाला?" मी म्हटलं, मग करू काय, गिऱ्हाईक परत पाठवू? ते म्हणाले, "करायचंच तर लांब बोल्ट घाल. आणि पहिला माल वाहून झाला की सगळे नट पुन्हा आवळ. नवी चकती दबून बसते, मग नट ढिले पडतात. हे विसरू नकोस."

लांब बोल्ट मिळायला त्रास, बसवायला वेळ. मी ते कधी घातले नाहीत. नट आवळायला सांगायचो मात्र न चुकता. हाताला यश होतं, तेव्हा म्हाताऱ्याचं बोलणं मला कुरकुर वाटायचं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण तोपर्यंत मी दुसऱ्यांसाठीच वापरत होतो.

माझी धाकटी बहीण धरणगावला दिली होती. तिचा नवरा स्वतःचा ट्रक स्वतः चालवायचा. सावद्याहून केळी भरायची आणि धुळ्याच्या पुढं न्यायची. माणूस हसरा, थट्टेखोर. माझ्या लेथचा आवाज ऐकला की म्हणायचा, तुमचं यंत्र माझ्या सासूसारखं बोलतं. सासू म्हणजे माझीच आई. मी रागवायचो आणि मग दोघंही हसायचो. मला सख्खा भाऊ नव्हता. तो मला भावाहून जवळचा होता, हे मी त्याला कधी बोलून दाखवलं नाही.

त्या वर्षी त्यानंही मोठे टायर घेतले. चकत्या अर्थात माझ्याच. घरचं काम म्हणून मी जीव ओतला. सण तोंडावर होता, आमच्याकडे दसऱ्याला सगळं रंगतं, लेथपासून दुकानाच्या फळीपर्यंत. त्याच डब्यातला लाल ऑइलपेंट मी चकत्यांना दोन्ही अंगांनी दिला, दोन हात. लोखंडाला लोखंड भिडायला हवं तिथं रंगाचा थर ठेवू नये, तो दाबाखाली चुरतो आणि नट सैल होतो, हे मला तेव्हा कळत नव्हतं. अष्टमीला चकत्या बसवल्या. तो त्या लाल रंगाकडे पाहून म्हणाला, नवरी सजवली तुम्ही, भाऊ. नवमीला तो रिकामी गाडी घेऊन सावद्याला गेला.

नवमीलाच मी हत्यारं मांडली. पाटावर नट आवळायचे पाने, हातोडे, कानशी, मोजमापाची पट्टी, वर हळदकुंकू आणि झेंडूची फुलं. त्यात त्याचा चाकाचा पानाही होता. पान्याचं तोंड फाकलं होतं म्हणून त्यानं तो माझ्याकडे दुरुस्तीला ठेवला होता. मी तो भरून, घासून नवा केला आणि बाकीच्यांबरोबर पूजेला लावला. मांडलेली हत्यारं दसऱ्याचं सोनं लुटून आल्याशिवाय उचलायची नाहीत, हा आमच्या धंद्याचा नेम. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते या बाबतीत फार कडक होते, आणि मी त्यांच्याहून कडक.

दसऱ्याच्या सकाळी तो भरलेली गाडी घेऊन दुकानासमोर आला. उतरला आणि म्हणाला, "भाऊ, डावं मांगलं चाक टकटक करी राह्यनं. पाना द्या, दोन मिनिटमा कसी लेस."

पाटावरचा पाना मला उभ्या जागेवरून दिसत होता. मी म्हणालो, "पाव्हना, आज हत्यारले हात लावानं नही. सकाय या, मीच कसी दिसू."

"केया सकायलोंग थांबतीन का, भाऊ?"

"मंग हळू जा. धुये काय लांब शे?"

गाडीतली केळी उद्यापर्यंत थांबणार नव्हती, हे मलाही कळत होतं. त्यानं एकदा पाटाकडे पाहिलं. हट्ट केला असता तर मी चिडलो असतो, आणि ते त्याला माहीत होतं. सणाच्या दिवशी मेहुण्याशी वाद नको, असा विचार त्यानं केला असणार. त्या दिवशी तो जळगावात कुठल्याही दुकानी गेला असता तरी हेच उत्तर मिळालं असतं, असं मी नंतर स्वतःला हजार वेळा सांगितलं. पण तो दुसऱ्या दुकानी गेलाच नाही. माझा शब्द मोडून दुसऱ्याकडे पाना मागणं त्याला बरं वाटलं नसेल. मी त्याच्या हातावर पेढा ठेवला आणि तो गेला.

वाटेत धरणगावला घरी थांबला. पुरणपोळी जेवला. बहीण म्हणाली, घडीभर पडा. तो म्हणाला, माल पिकतोय. पारोळ्याच्या पुढं भर दुपारी डावीकडची दोन्ही चाकं निघाली, गाडी खड्ड्यात आडवी झाली आणि तो केबिनमध्ये दबला. दवाखान्यात नेईपर्यंत राहिला नाही.

मी तिथं पोचलो तेव्हा केळीचे घड रस्ताभर चेंदलेले होते. मी आधी चाक शोधलं. बोल्टची भोकं कुरतडून लांबट झाली होती, काही बोल्ट मुळापासून तुटले होते, काहींवर नटच नव्हता. आणि सगळीकडे लाल रंगाचा भुगा. टर्नरला आणखी काही सांगावं लागत नाही. टायर फुटला नव्हता, ब्रेक गेला नव्हता. नट ढिले होते. कितीतरी कोस ते चाक हलत आलं होतं आणि त्याला ते ऐकू येत होतं.

जमलेले लोक म्हणाले, सणाचं जेवण जेवून निघाला, डुलकी लागली असेल. पोलिसांच्या कागदावरही तसंच काहीसं आलं. मी तिथं उभा होतो. माझं तोंड उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी चकती पिशवीत घालून दुकानात आणली, लेथवर चढवली आणि कातत बसलो. दुपारभर कातली. शेवटी तिचा नुसता कीस उरला. मी तो झाडून भंगारात टाकला. मी रडलो नाही, कारण बाजूच्या दुकानात मिस्त्री बसले होते. ते सगळं समजून होते.

त्यानंतर येणाऱ्या प्रत्येकाला मी चकतीचे तोटे सांगू लागलो. बेरिंग लवकर जातं, बोल्ट तुटतात, गाडीचा भार चुकीच्या ठिकाणी पडतो, मोठे टायरच घेऊ नका, म्हणजे चकतीही नको. लोक हसायचे आणि दुसरीकडून करून घ्यायचे. बैल गेला आणि झोपा केला, तो हाच.

बहीण दर दसऱ्याला माझ्याकडे येऊ लागली, तो दिवस तिला घरी काढवत नसे. आणि दर वर्षी तेच बोलायची. "मी सांगं, घडीभर आडवा व्हा. मनं ऐकं का तेस्नी? डोया लागना आनि माले उघडं टाकीसन गयात." तिचा राग खरा होता. मुलं लहान, शेत नाही, शिवणयंत्रावर दिवस काढले तिनं. त्या रागाच्या जोरावर ती उभी राहिली, असं मी स्वतःला समजावत होतो. खरं म्हणजे मी भित्रा होतो. मेलेल्या माणसाच्या डुलकीमागं मी दहा वर्षं लपून बसलो.

मग एका दसऱ्याला ती म्हणाली, मुलगी लग्नाची झाली, एक स्थळ आलंय पण मुलगा गाडी चालवतो. गाडीवर झोपणाऱ्याच्या हाती मी पोर देणार नाही. बोलता बोलता तिनं नवऱ्याला एक शिवी दिली. कधी देत नसे.

माझ्यानं ऐकवलं नाही. मी सगळं सांगितलं. चकती, रंग, टकटक, पाटावरचा पाना, मी काय म्हणालो ते शब्दन् शब्द.

ती ऐकत राहिली. मला वाटलं आता ही किंचाळेल, मारेल, आणि मारायला हवंच होतं. तिनं इतकंच विचारलं, "म्हंजे ते जागाच व्हतात?"

मी मानेनंच हो म्हटलं.

तिनं आपल्या हाताच्या बोटांकडे पाहिलं. मग म्हणाली, "इतला वरीस मी तेस्लेच बोल लावात. आते तेस्ले कसं सांगू?"

माझ्याबद्दल एक शब्द नाही. तिच्या डोक्यात त्या घडीला मी नव्हतोच. धरणगावची बस चारची होती. तिनं डोळे पुसले, पिशवी उचलली आणि दारात वाकून नेहमीसारखी माझ्या पाया पडली. मला आशीर्वाद देता आला नाही.