शांताची मोठी परात

लेक माहेरी आली की रागावते, "बाबा, एकट्याच्या कणकेले एवढी परात काहून?" मी मळत राहतो.

ओल्या कणकेचा वास आला की माझी बायको शांता समोर बसते. तरुणपणी मी रामदासपेठेत कंप्युटरच्या हापिसात आकडे साठवलेल्या टेपा उचलून द्यायचो. एक दिवस मशीन अर्ध्यातच अडली. आकडे क्रमानं लावाले तिले मोकळी जागा पुरली नाही, अन् होते तेही गेले. पण नकलेची कोणती टेप कधीची हे ठरलेलं होतं, म्हणून सगळं जसंच्या तसं परत आलं.

घरी सांगितलं, तशी शांता कणीक मळता मळता हसली. "मळाले परात मोठीच लागते जी. पण गेलेलं परत येते? मंग मी गेली तर मलेही आणजा टेपेवरून!"

मी लय हसलो होतो.

आता परात तेवढी उरली. लहान घेणार नाही.