जुन्या गिअरबॉक्सचं तेल

मस्कतच्या गॅरेजात एका जुन्या ऑटोमॅटिक गाडीचं गिअरतेल बदलत होतो. मशीन लावून सगळंच उपसायला निघालो, तर आमचे मिस्त्री सदाअण्णा धावत आले. "थांब रे शहाण्या! निम्मंच काढ. इतकी जुनी गाडी तेलातल्या त्या मळावरच गिअर धरते. सगळं धुतलंस तर जागची हलायची नाही."

सातवीत शाळा सोडलेल्या मला हे काम अण्णांनीच शिकवलं. त्यांचं मी ऐकतो.

आई जाऊन तीन महिने झाले. गावी जाता आलं नाही, आणि अजून रडूही आलेलं नाही. ताई फोनवर म्हणते, "एकदा रडून घे बाबा." पण सगळं एकदम वाहून गेलं आणि सकाळी कामाला उठताच आलं नाही तर?

काळं तेल निम्मं गळल्यावर मी बोल्ट आवळला.

आज ताईला फोन करीन. आईचं थोडं बोलेन. थोडंच.