भोपळा कच्चा नव्हता

उजव्या हाताचा पालथा पंजा मिस्त्री यंत्राच्या पितळी ठोकळ्याला लावायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "थांबा वाईच, सर. अजून निवलं न्हाई."

शेजारी चांगला डिजिटल तापमापक पंचवीस अंश दाखवत असायचा. मी वैतागायचो. "अहो मिस्त्री, आकडा दिसतोय की समोर!"

"आकडा पितळाचा हाय. आतल्या पाण्याचं काय?"

आणि पाचच मिनिटांत पडद्यावरची रेघ खरोखर सरकायची. तुमच्याही पाहण्यात असा एखादा असेल, ज्याच्यावर खेकसावं आणि दर वेळी तोच बरोबर निघावा. अशा माणसाचा राग येतो हो. मला तर फारच यायचा.

मी सांगलीत विश्रामबागच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचो आणि मिस्त्री तिथल्या वर्कशॉपमध्ये होते. मूळचे मिरजेचे. घरात सतार-तंबोरे करायची पिढीजात कला, भाऊ अजून तेच करतात. हे आयटीआय करून लेथवर आले. सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणायचे, मीही तेच म्हणतो.

आम्ही एक यंत्र बनवत होतो. त्या पितळी ठोकळ्यात बसवलेली, सोन्याचा पातळ मुलामा दिलेली काच, तिच्यावरून एका बारीक नळीतून लघवीचा नमुना जायचा आणि खालून काचेवर प्रकाश पडायचा. मूत्रपिंड बिघडायला लागलं की लघवीत एक प्रथिन उतरतं. ते काचेला चिकटलं की परतणारा प्रकाश किंचित बदलतो आणि पडद्यावरची रेघ वर चढते. गोम अशी की नमुना जरासा गार-गरम झाला तरी ती रेघ तशीच हलते. म्हणजे ऊन-वाऱ्याच्या खोडीपायी यंत्र धडधाकट माणसाला आजारी ठरवणार. या तापमानानं आमच्या नाकी नऊ आणले होते.

मिस्त्रींना हे यंत्र का हवं होतं, ते सगळ्या कॉलेजला ठाऊक होतं. त्यांच्या बायकोचं डायलिसिस चालू होतं, मिरजेला, आठवड्यातून दोनदा. माहेर साताऱ्याकडचं, माण तालुक्यातलं. पायावर सूज आली तेव्हा कुठं तिला दवाखाना दाखवला आणि तोवर दोन्ही मूत्रपिंडं गेलेली. यंत्र तपासायला पुण्याहून समिती येणार होती. तिनं ते पास केलं असतं तर ते आधी तिकडच्याच आरोग्य केंद्रांत जायचं होतं.

"हिचं तर झालं, सर," ते म्हणायचे. "फुडच्या बाईचं तरी येळंवर कळंल."

थर्मोकोलचं आवरण करून पाहिलं, फोमचं करून पाहिलं. कुठल्या तरी फटीतून वारा शिरायचाच. मग एका सोमवारी मिस्त्री पिशवीतून तंबोऱ्याचा भोपळा घेऊन आले. भीमाकाठचा, अर्धा कापून आत कापसाचा थर दिलेला.

मी कपाळाला हात लावला. "मिस्त्री, ही प्रयोगशाळा आहे. भजनी मंडळ नव्हे."

"याला सांधा न्हाई, सर. सांध्यातनंच वारं शिरतं." मग त्यांनी भोपळ्यावर टिचकी मारली. "आयका. कच्चा आसला की बद्द वाजतो. पिकून वाळला की कसा खणकन बोलतो बगा."

ठोकळ्यावर तो पालथा घातला आणि तासाभरानं रेघ सरळ झाली, पट्टीनं ओढावी तशी. मी दोनदा यंत्र बंद करून चालू केलं. तरी सरळच. मिस्त्री लाजून नुसते हसत होते.

नमुन्याची नळी तेवढी वीतभर भोपळ्याबाहेर राहायची, म्हणून त्यांनी एक नियम घातला. मशीन चालू असताना खोलीत एसी लावायचा नाही आणि पंखाही नाही. आम्ही घामाघूम होऊन बसायचो. पण रेघ हलायची नाही.

पुण्याची समिती आली ती मे महिन्यात, शुक्रवारी. मिस्त्रींनी सकाळीच सगळं लावून ठेवलं. दुपारी नमाजाला निघताना दारातून परत वळून म्हणाले, "सकाळधरनं निववून ठेवलंय. मी येस्तवर कायबी हलवू नका, सर."

ते गेले आणि खोलीची भट्टी झाली. साहेब लोक असे घामात बसतील तर काय म्हणतील, या भीतीनं मी एसी लावला. वीस मिनिटं लावला. जिन्यात मिस्त्रींच्या चपला वाजल्या तसा झटकन बंद केला. चोरून लोणचं खाल्लेल्या पोरासारखा!

उन्हातून आलेल्या माणसाला कुठलीही खोली गारच वाटते. त्यांना खोलीत काही कळलं नाही. पण भोपळ्याखालून पंजा ठोकळ्याला लावला आणि ते चपापले.

"कायतरी हललंय, सर. आर्धा तास द्या. अजून निवलं न्हाई."

समिती दारात उभी होती. मी डोळे वटारून म्हणालो, "मिस्त्री, चालू करा."

आधी साधं मिठाचं पाणी सोडलं. त्यात आजार कुठून असणार? पण रेघ चढतच गेली. यंत्रानं मिठाच्या पाण्याला मूत्रपिंडाचा आजार ठरवला. समितीच्या प्रमुखांनी भोपळा उचलून पाहिला आणि विचारलं, "हा भोपळा आहे?" सगळे हसले.

मीही हसलो. वर म्हणालो, "आवरणात दोष दिसतोय, सर. आमच्या मिस्त्रींची कल्पना." हे मी बोललो. या तोंडानं बोललो. मिस्त्री खाली मान घालून हात पुसत उभे होते, कोरडेच हात.

प्रकल्प बंद झाला. त्या वर्षअखेर मिस्त्री निवृत्त झाले आणि पुढच्या उन्हाळ्यात त्यांची बायको गेली. मी मयतीला गेलो नाही. धीर झाला नाही, दुसरं कारण नाही.

दोन वर्षांनी मिरजेला एका लग्नाला गेलो होतो, तेव्हा मन घट्ट करून त्यांच्या घरी गेलो. आज सांगून टाकायचं, असं ठरवूनच. मिस्त्री ओट्यावर बसलेले. साखरेच्या आजारानं हातापायाची जाणीव गेली होती. चार बोटांना भाजल्याचे डाग होते. सुनेनं चहा आणून ठेवला. त्यांनी पेल्याकडे पाहिलं, हात मागं घेतला आणि मला विचारलं, "बगा वं सर, निवला का?"

मी माझा पंजा पालथा करून पेल्याला लावला. चटका बसला. म्हणालो, "थांबा वाईच."

ते हसले. मग म्हणाले, "सर, एक इचारू? रात्रंदिस डोस्क्यात तेच हाय. भोपळा कच्चा ऱ्हायला व्हता का वं? माज्याच हातानं घात झाला का?"

आता, आता बोलायचं होतं. एसी म्हणायचं होतं, एवढंच. आणि मग, देवा, मी म्हणालो, "असेल जरासा कच्चा. होतं असं, मिस्त्री."

त्यांनी मान हलवली. "मला वाटलंच व्हतं," म्हणाले. चहा तसाच राहिला.

दोन महिन्यांनी ते गेले. माणमध्ये अजूनही सूज आल्यावरच बाया दवाखान्यात येतात, आणि आमचं यंत्र कॉलेजच्या कपाटात कुलपात आहे. भोपळा मात्र मी घरी आणला. काल तो माळ्यावरून काढला, धूळ पुसली आणि टिचकी मारली.

खणकन वाजला. परत मारली. परत खणकन.