राजीनामा

मुलगी शाळेतून आली आणि म्हणाली, "बाबा, वरच्या मजल्यावरच्या दोघा भावांचा राजीनामा झाला!"

"दोघांनीही नोकरी सोडली?"

"नाही यार बाबा, भांडण मिटलं. हिंदीत राजीनामा म्हणजे समझौता."

गुडघ्याला मलम चोळणारा माझा हात थांबला. पंधरा वर्षांपूर्वी मॅनेजरच्या खोलीलाही असाच मलमाचा उग्र वास होता. दिल्लीच्या फुटबॉल क्लबातला माझा पहिलाच हंगाम संपला होता. मी कोल्हापूरहून आलेला, चौतिशीतला बचावपटू. भिंतीवर पुढच्या हंगामाची यादी होती, सगळी विशीतली पोरं. माझं नावच नव्हतं. मॅनेजरनी खुर्ची पुढे सरकवली. "बैठो भाई, लिस्ट अभी कच्ची है. चलो, राज़ीनामा कर लेते हैं."

मला तो एकच शब्द ऐकू आला आणि डोकं फिरलं. इंग्रजीत दोन ओळी खरडून कागद त्यांच्या टेबलावर आपटला. "अरे, ये क्या?" ते म्हणेपर्यंत मी दाराबाहेर.

पंधरा वर्षं मी सगळ्यांना सांगत आलोय, त्या माणसानं मला काढलं. तो बिचारा खुर्ची देत होता, आणि मी मूर्ख बसलोसुद्धा नाही.